दोम्निका वहिनीचं तिसरं स्वयंपाकघर

माझी भावजय दोम्निका दोन मिनिटं एका जागी बसलेली कुणी दाखवावी, माझी सगळी बदकं बक्षीस देईन. पायाला भिंगरी आणि खिशात मोजपट्टी! भाचीच्या लग्नात आम्ही सगळे नाचत होतो, तर ही बया यजमानांच्या ओट्याची उंची मोजत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इटलीत, पादुआला, ती म्हाताऱ्या सांभाळते. एक गेली की दुसरी. आमच्या एदिनेत्स गावातल्या कितीतरी बायका तेच करतात, त्यात नवल नाही. पण कुणी मुलांच्या शिक्षणासाठी जातं, कुणी छपरासाठी. आमची वहिनी गेली स्वयंपाकघरासाठी. एल आकाराचं आहे ते. लांब बाजू खिडकीखाली, आखूड बाजू दाराकडे, आणि मधला कोपरा असा की आत सरकवलेलं भांडं पुन्हा नजरेला पडत नाही.

पहिल्या खेपेला पैसे बेताचेच होते. भिंतींना रंग दिला, जुन्या कपाटांना नव्या मुठी बसवल्या. "तात्पुरतं आहे हं," म्हणाली आणि गेली परत. पुढे जरा जमल्यावर तिकडूनच पैसे पाठवून कपाटांना नवी पांढरी दारं लावून घेतली, ओटा बदलला, बेसिन खिडकीखाली आणलं. मग एकदा ऑगस्टात सुट्टीला आली. ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा, घरात चूल कोण पेटवतं? सगळं रांधणं अंगणातल्या शेडमध्ये. सुट्टी पाहुण्यांत संपली.

या वसंतात मात्र मोठा बेत घेऊनच उतरली. सगळं उखडायचं! दगडी ओटा, कोपऱ्यात फिरत्या फळ्या, आखूड बाजू थेट भिंतीपर्यंत. एफिमदादा, म्हणजे तिचा नवरा आणि माझा थोरला भाऊ, ऐकत होता. नंतर अंगणात टोपी चुरगाळत मला म्हणाला, "पारास्का, याचे पैसे म्हणजे अजून एक म्हातारी."

मी तशीच आत गेले.

"वहिनी, आहे त्यात काय वाईट आहे गं?"

"डोळे फुटले का वन्सं तुमचे? दारं बघा! मेणचट, पिवळी. लोक हसतील."

"लोक कशाला येतायत? तूच नसतेस इथं!"

लागलं तिला. नुकतीच मोजलेली भिंत परत मोजायला लागली. मला तर ती मोजपट्टी हिसकावून विहिरीत टाकावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी आर्काडी सुतार आला. म्हणाला, "नुसती दारं बदलली तर स्वस्तात होईल. सगळं उखडायचं तर बाई, निदान दोन वर्षं कमवावं लागेल."

"कमवीन," वहिनी म्हणाली. दादा खिडकीबाहेर बघत राहिला.

आर्काडीनं सहज कपाटाच्या दाराच्या कडेला नख लावलं. पिवळा पापुद्रा सुटून आला. खाली दार पांढरंशुभ्र.

"अहो, हे कारखान्यातलं प्लॅस्टिक आहे! कुणी काढलंच नाही. दारं कोरी आहेत की!"

वहिनी दादाकडे वळली. "तू इथं कधीच रांधलं नाहीस?"

"एकट्यासाठी काय रांधायचं इथं? शेडमध्ये भागतं."

"हिवाळ्यात?"

"शेगडी असते." मग म्हणाला, "पहिल्यांदा तू वापरावंस असं वाटलं. म्हणून काही काढलं नाही."

"अरे देवा! मग मी तिकडे दुसऱ्यांच्या आयांना भरवत कुणासाठी बसले होते रे?" असं म्हणून ती जी रडायला लागली! आर्काडी बिचारा पिशवी उचलून सटकला.

रडतरडतच ती प्लॅस्टिक ओरबाडायला लागली. ते काय सुखासुखी निघतंय? उन्हानं पार चिकटून बसलेलं. नख तुटलं, तरी थांबेना. मी गरम पाणी आणि फडकी आणली आणि दोघी भिडलो. संध्याकाळपर्यंत लांब बाजू साफ झाली. दादा नेहमीसारखा शेडकडे निघाला, मक्याचं पीठ शिजवायला.

"एफिम!" ती ओरडली. "पातेलं घेऊन आत ये."

तो पातेलं घेऊन आला आणि दारातच थांबला. स्वतःच्या घरात, बूट काढून, पाहुण्यासारखा. "कुठं ठेवू?"

"मला तरी काय माहीत?" म्हणत तिनं मीठ शोधायला एक कपाट उघडलं. रिकामं. दुसरं उघडलं, कोपऱ्यातलं उघडलं, सगळे खण ओढून पाहिले. साधा चमचासुद्धा नव्हता. सगळा संसार बाहेर शेडमध्ये.

मी उठायला लागले, तर तिनं माझा खांदा दाबला. "बसा वन्सं. मीच आणते एकेक करून. आता मला घाई नाही."