बेसण्याच्या यादीत आमची माणसं नव्हती

पेपरच्या शेठनं लाल पेन उघडलं आणि माझ्या बापाचं आडनाव खोडलं. मग ‘बौद्ध’ खोडलं. मग ‘जलदान विधी’ खोडून वर ‘बेसणुं’ लिहिलं. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, “आटलुं काढी नाखो, पछी मूकी दईए.” एवढं काढून टाका, मग छापू.

बापाला जाऊन तिसरा दिवस होता. मी उभी होते. त्या केबिनमध्ये मी सहा वर्षं उभीच होते.

सुरतेतल्या एका गुजराती दैनिकात मी टाइप करायची. बातम्या थोड्या, बेसणी फार. माणूस गेला की घरचे शोकसभेची वेळ, ठिकाण छापून देतात. त्याला बेसणुं म्हणतात. त्यात ज्ञाती लिहितात, मूळ गाव लिहितात. मेलेल्याची जात आधी आणि वय नंतर, अशी ती रीत. ते पान माझ्या हाताखालून जायचं. शहरात कोण मेलं ते शेठच्या आधी मला कळायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेठच्या डोक्यात नेट शिरलं. मुंबईहून कोर्स करून आलेल्या पुतण्यानं वेबसाइट बनवली. आख्खा पेपर नेटवर फुकट. शेठला वाटलं जाहिराती धावत येतील. पर्वत पाटिया भागातला साड्यांचा व्यापारी तोंडावर हसला. म्हणाला, माझी साडी काय तारेतून पाठवणार का? वाचणाऱ्यांकडून पैसे मागून पाहिले, तर एकानंही दिले नाहीत. शेठ पुतण्यावर रोज खेकसायचा. वेबसाइट बंद करायची भाषा सुरू झाली.

तेव्हा शहाणपण मला सुचलं. अमेरिकेहून पत्रं यायची, मामाच्या बेसण्याचं कात्रण पाठवा, काकीचा फोटो पाठवा. ती कात्रणं मीच पाकिटात भरायची. मी शेठला म्हटलं, बातम्या कुणी विकत घेणार नाही, पण बेसणी नेटवर टाका. परदेशातल्या भावाला दिसावं म्हणून घरचे जादा पैसे आनंदानं देतील.

शेठनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पुतण्याला म्हणाला, “जो, आमने पण सूझे छे, तने नथी सूझतुं.” बघ, हिलासुद्धा सुचतं, तुला सुचत नाही. ऑफिसात सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

पण कल्पना चालली. पेपरनं नेटवरून पैसा कमावला तो फक्त मेलेल्यांच्या पानावर. त्या दिवशी पेढे आले. पुतण्याच्या गळ्यात हार घातला. सगळ्यांनी खोक्यातून पेढा उचलला. माझ्या हातात प्यूननं कागदावर ठेवून वरून टाकला. मी तो खाल्ला. हेही सांगितलं पाहिजे.

वेबसाइटवर ज्ञातींची यादी होती. आपली ज्ञाती दाबायची की आपली माणसं दिसायची. ती यादी मीच टाइप केली होती. शेवटपर्यंत टाइप केली आणि तिथंच थांबले. आमचं नाव त्यात नव्हतं. मला दिसलं होतं. नोकरी जिवापेक्षा मोठी वाटत होती, म्हणून गप्प बसले.

घरी बापाला मात्र फुशारकीनं सांगितलं. धुळ्याकडून येऊन त्यानं गिरणीत हाडं झिजवली होती. पेपर वाचता येत नव्हता, पण मी टाइप केलेलं पान तो घडी घालून उशाशी ठेवायचा. मला विचारलं, “मी मरसू तवय मनं नाव बी तठे टाकशी ना?” मी मरेन तेव्हा माझंही नाव तिथं टाकशील ना? मी म्हटलं, हो बा, टाकसू.

म्हणून बाप गेल्यावर तो कागद घेऊन मी शेठकडे गेले होते. इतर देतात तेवढे पैसे द्यायला तयार होते. शेठ म्हणाला, पैशाचा सवाल नाही. या पानावर ऑफिस चालतं. कुणाच्या आजीच्या फोटोशेजारी हे आडनाव दिसलं तर बेसणी देणारी घरं तुटतील. “धंधो छे, बेन.” बापाचा फोटो चांगला आहे, आडनाव नसलं तर आमच्यातला नाही हे ओळखूसुद्धा येणार नाही, हेही त्यानं मोठ्या मायेनं सांगितलं. पुतण्या खालमानेनं म्हणाला, “तमारा लोकोनुं बटन ज नथी.” तुमच्या लोकांचं बटणच नाही.

मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. शेठच्या कपाळावर आठी आली. मी म्हटलं, “मारा बापानुं नाम आखुं छे. आखुं छापो, नहीं तो रहेवा दो.” माझ्या बापाचं नाव पूर्ण आहे, पूर्ण छापा, नाहीतर राहू द्या.

तो म्हणाला, ‘अन्य’मध्ये टाकतो, खाली, फोटोशिवाय. मी नाही म्हटलं. मग त्यानं आवाज चढवला. बाहेर टेबलावर नऊ बेसणी पडलीत, दुपारपर्यंत झाली पाहिजेत, नाहीतर उद्या यायचं नाही. मी म्हटलं, नाहीच येणार. नऊ कागद तसेच ठेवून मी जिना उतरले. घरी पुढच्या महिन्याचं काय, हे मला ठाऊक नव्हतं.

बापाचं नाव त्या पेपरात आलं नाही. त्याला दिलेला शब्द मी पाळू शकले नाही, ते मला अजून सलतं. ओळखीच्या टायपिंग क्लासात मी कागद पुन्हा टाइप केला. आडनाव, बौद्ध, जलदान विधी, सगळं. झेरॉक्स काढल्या आणि लिंबायतपासून उधन्यापर्यंत भिंतींवर चिकटवल्या. एक पेपरच्या फाटकावर. वॉचमननं फाडली. मी दुसरी लावली.

पेपर नेटवर पैसा कमावू शकतो का, असं लोक विचारतात. कमावतो. कसा ते मीच शिकवलं.

आता नवी कल्पना सुचली तर ती मी आमच्या माणसांसाठी वापरीन. जिथं आमच्या मेलेल्यांना जागा नाही, तिथं माझी बोटं एक अक्षरही टाइप करणार नाहीत. आणि मी मेल्यावर माझा कागद घेऊन कुणाच्या केबिनमध्ये उभं राहायचं नाही, असं माझ्या लेकीला बजावून ठेवलंय.