आईचा डावा हात

आईच्या डाव्या मनगटावर बोट ठेवलं की आत घरघर जाणवायची. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला होते. चालू ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला हात लावल्यासारखं वाटतं, असं ते एकदा म्हणाले. त्यानंतर त्यांनी तिथे बोट ठेवलं नाही.

आईची मूत्रपिंडं थकत चालली होती. डायलिसिस फार लांब नव्हतं, म्हणून सर्जननी तिच्या मनगटातली एक धमनी शेजारच्या शिरेला जोडून दिली. दीड-दोन महिन्यांत ती शीर जाड आणि रुंद झाली, तरच तिला सुया सोसणार होत्या. नाहीतर पुन्हा ऑपरेशन, आणि आईच्या शिरा मुळातच बारीक. या हातावर वजन नको, आवळणारं काही नको, असं सर्जननी बजावलं होतं.

मी तेव्हा कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकत होते. शिरेच्या दृष्टीने ही जखमच असते. रक्ताचा जोर अचानक वाढला की आतल्या अस्तराला ते कळतं आणि प्रथिनं कामाला लागतात. काही भिंतीची जुनी वीण कापून ती सैल करतात, काही पेशींना वाढायला लावतात, काही त्यांना थांबवतात. थांबवणारी कमी पडली तर भिंत आतल्या बाजूनेच फुगते आणि वाट बुजते. हे आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती.

"म्हणजे आत कुणीतरी 'आता पुरे' म्हणणारं लागतं," ती म्हणाली.

नातेवाइकांत कुणालाच काही माहीत नव्हतं. आत्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. लग्नघरात आजाराची चर्चा नको, असं आईचं म्हणणं. ऑपरेशनआधी डाव्या हातातल्या बांगड्या तिने साबण लावून उतरवल्या होत्या. तेव्हापासून तो हात पदराखाली असायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी पंचवटीत आत्याकडे कासारीण आली. नवरीचा चुडा भरून झाल्यावर घरातल्या सवाष्णी बसल्या. आईच्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या चढल्या. डावा राहू दे, असं आई हळूच म्हणाली, पण आत्या शेजारीच उभी होती.

"वहिनी, माझ्या पोरीच्या लग्नात एक हात मोकळा ठेवणार होय?"

बायका हसल्या. आईने पदराखालचा हात पुढे केला.

मी भिंतीला टेकून बसले होते. अशा घोळक्यात मी बोलत नसे. माझं इंग्रजी मिसळलेलं मराठी ऐकलं की सगळ्या मला इंग्लिश मॅडम म्हणायच्या. कासारणीने आईचा तळवा धरला, अंगठा मनगटाकडे सरकवला.

"त्या हातात नको," मी म्हणाले.

"मॅडम, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," आत्या म्हणाली.

"शीर दबली तर बंद पडेल. मग डायलिसिस कशावर करायचं?"

डायलिसिस हा शब्द सगळ्यांना कळला. कासारणीने हात सोडला. आत्या खाली बसली. आईचं मनगट उलटं करून तिने टाक्यांची खूण पाहिली, तिच्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग राहिलेल्या बांगड्याही उजव्याच हातात भरायला तिने सांगितलं.

परतताना आम्ही रिक्षा केली. गोदावरीचा पूल ओलांडल्यावर आई म्हणाली, "लग्न झालं की मीच सांगणार होते."

मंगलाष्टकांच्या वेळी नवरीची आई तुळशीपाशी बसते. दुसऱ्या दिवशी आत्याने आईलाही तिकडे नेलं. मांडवातल्या रेटारेटीत हाताला धक्का लागला असता. मी अक्षता घेऊन दाराशी उभी होते. दोघी पाटांवर बसल्या होत्या, आत्याची दोन बोटं आईच्या मनगटावर अलगद टेकलेली. लग्न लागलं, टाळ्या पडल्या, वाजंत्री सुरू झाली.

"चालू आहे, वहिनी," आत्या म्हणाली.

पुढच्या महिन्यात सर्जननी शीर तयार झाल्याचं सांगितलं. घरी आल्यावर आईने पहिला फोन आत्याला लावला. थोडं बोलून तिने रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"आत काय काय झालं ते विचारतेय," ती म्हणाली. "तू सांग."