आठ दिवसांच्या खिडक्या

“डिंक? रंगात डिंक घातलास तू?”

“थोडाच घातला, मावशी. सगळा मिळून एक डबा.”

“आणि हे मला आज सांगतेस? धुवायच्या दिवशी?”

“तू तरी कुठे विचारलंस?”

“मी विचारायचं? भाजीत मीठ घातलंस का म्हणून विचारतात. विष घातलंस का म्हणून कुणी विचारतं का?”

सकाळचे सहा वाजून गेले होते. मावशी मोरीत बसून चादर पिळत होती. एका हातानं चादर पिळता येत नाही, म्हणून तिनं चादरीचं एक टोक नळाला बांधलं होतं आणि दुसरं डाव्या हातानं पिरगाळत होती. उजवा हात मांडीवर पडून होता. भाची दारात दात घासायचा ब्रश हातात धरून उभी होती. आतल्या खोलीत काका पेपर उघडून बसले होते, पण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता.

“लोकांच्या कपड्यांना रंग लागत होता,” भाची म्हणाली. “बसची वाट बघताना माणसं भिंतीला टेकतात. पहिल्याच दिवशी एका गृहस्थाच्या पांढऱ्या शर्टावर अख्खी खिडकी उठली. मग आम्ही रंगात डिंक घालून सगळीकडे आणखी एक हात फिरवला. आणि डिंकाचं मला कुणी शिकवलं होतं? तूच ना?”

मावशीचा पिळणारा हात थांबला.

शिकवलं होतं खरं. गेल्या वर्षी स्वयंपाकघराला चुना लावताना. मावशीचे वडील जन्मभर लोकांच्या घरांना चुना लावत आले. कोमट पाण्यात डिंक विरघळवायचा, फडक्यातून गाळायचा, मग चुन्यात घालायचा. “माझ्या बापाच्या भिंतीला पाठ घासली तरी पांढरी व्हायची नाही,” असं ती म्हणाली होती. तीन वर्षांपूर्वी भाची शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहायला आली, त्यानंतर तिनं मावशीला कामातलं काही विचारायची ती पहिलीच वेळ. मावशीनं फुशारकीत जरा जास्तच सांगितलं होतं.

“अहो कंडक्टर,” मावशी आतल्या दिशेनं ओरडली, “ऐकताय ना?”

“ऐकतोय,” काका म्हणाले. ते चार वर्षांपूर्वी बसच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. “पण माझी ड्यूटी संपलीय. भांडण पुढच्या स्टॉपला उतरवा.”

बहिणीची मुलगी असल्यामुळे रागवायचंही बेतानंच. सकाळी रागावलं की दुपारी बहिणीचा फोन येतो. मावशीनं नळाची गाठ सोडली, चादर तशीच निथळत दोरीवर टाकली आणि डबा भरायला उठली.

पालिकेच्या भिंती धुणाऱ्या टोळीत तिला चोवीस वर्षं झाली होती. चौघीजणी, पाण्याचा एक टँकर, काथ्याचे आणि तारेचे ब्रश. पोस्टरं खरवडायची, शिव्या पुसायच्या, बाण घुसलेली बदामं पुसायची. टोळीत तिला सगळ्या ‘शिडी’ म्हणायच्या, कारण ती उंच होती. टोळीची खरी शिडी सहा वर्षांपूर्वी मोडली, तेव्हा मुकादमानं दुसरी मागवलीच नाही. “आपली शिडी आहे की,” असं म्हणून तो हसला होता आणि तीही हसली होती. तेव्हापासून कुठल्याही भिंतीची वरची पट्टी तिची. उजवा हात डोक्याच्या वर, दिवसाचे सहा तास.

गेल्या वर्षी डॉक्टरनं सांगितलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. तिनं ते घरी अर्धंच सांगितलं, “जरा अवघडलाय” म्हणून, आणि कचेरीत अजिबात सांगितलं नाही. दुखतं म्हणणाऱ्यांना कचेरी ‘कामास अयोग्य’ असा कागद देते आणि घरी बसवते. तिचा डोळा गोदामातल्या खुर्चीवर होता. सकाळी ब्रश मोजून द्यायचे, संध्याकाळी मोजून घ्यायचे, मध्ये बसायचं. खुर्चीवरची बाई महिनाअखेर निवृत्त होणार होती. “तुझ्या नावावर शेरा नाही आला, तर खुर्ची तुझी,” असं मुकादमानं सांगून ठेवलं होतं. तिच्यानंतर यादीत नाव होतं ठेंगणीचं. ठेंगणी टोळीत तिच्याच जोडीला होती. वरची पट्टी शिडीची, खालची ठेंगणीची.

आता तर खुर्चीला वीस दिवसच उरले होते.

भाचीच्या कॉलेजनं शहरातल्या बारा करड्या जागा निवडून पालिकेकडून परवानगी घेतली होती. मुलांनी चित्रं काढायची, आठ दिवस ठेवायची, मग पुसायची. पाण्याच्या टाकीची, बस स्टॉपच्या मागची लांबलचक भिंत भाचीच्या गटाला मिळाली होती, आणि गटाची प्रमुख तीच होती. कोणती भिंत लवकर सुकते, कोणत्या भिंतीला ओल येते, हे सगळं तिनं मावशीकडूनच काढून घेतलं होतं.

“तात्पुरतं असणं हेच त्यातलं सौंदर्य आहे, मावशी,” ती जेवताना म्हणाली होती. “आठ दिवसांनी सगळं पुसलं जातं.”

“कोण पुसतं?”

“पुसलं जातं गं. आपोआप.”

या घरात बरंच काही आपोआप व्हायचं. भांडी घासली जायची, पाणी भरलं जायचं, चादरी पिळल्या जायच्या.

त्याच सकाळी, शनिवारी, टोळी भिंतीपाशी पोचली. मुलांनी एक्केचाळीस खिडक्या काढल्या होत्या. कुठल्या खिडकीत पडदा, कुठे दिवा, कुठे सुकत घातलेले मोजे. आठ दिवस बसची वाट बघणारी माणसं रस्त्याकडे पाठ करून उभी राहत होती. एक म्हातारे गृहस्थ रोज एका निळ्या पडद्यासमोर थांबायचे आणि दोन बस सोडून तिसरीत चढायचे, असं समोरची चहावाली सांगत होती.

सत्ताविसाव्या खिडकीत एक बादली होती. कडी तुटलेली, तिथे तार गुंडाळलेली. मावशीची बादली. तारेचे वेढेही बरोबर तीन होते.

मावशीनं ती बादली जरा वेळ पाहिली आणि पहिला ब्रश तिच्यावरच चालवला.

बादली जागची हलली नाही.

भिंत धुवायची म्हणजे आधी खालून वर भिजवत जायचं, नाहीतर वरचे ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतात आणि डाग पडतात. मग वरून खाली घासायचं. त्यांनी सगळं रीतसर केलं. भिंतीवरून पाणी स्वच्छ वाहत खाली आलं, जसं गेलं तसंच.

“शिडे, तुझ्या भाचीनं घरं पक्की बांधलीत की,” ठेंगणी म्हणाली.

“भाडेकरू ठेवा आता,” दुसरी म्हणाली.

“एक खोली माझ्या सासूला द्या. कडी बाहेरून लावा.”

दुपारपर्यंत चौघींनी मिळून सहा खिडक्या काढल्या. मुकादम सायकलवरून येऊन बघून गेला. सोमवारी अकराला मोठे साहेब येणार होते, मंगळवारी भिंतीला नवा चुना लागणार होता. खालचा रंग राहिला तर तो चुन्यातून वर उमटतो. “सोमवारी अकरा,” एवढंच म्हणून तो गेला.

डिंक कसा चढवायचा हे वडिलांनी सांगितलं होतं, तसं उतरवायचा कसा हेही सांगितलं होतं. त्यांना ते क्वचितच लागायचं. गोणपाट गरम पाण्यात बुडवून भिंतीवर दाबून धरायचं, मऊ झालं की घासायचं. मावशीनं शनिवारी जेवताना भाचीला ते सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही.

रविवारी भाची सहा मुलामुलींना घेऊन आली. खरं तर चांगली मुलं होती. चहावालीनं दोन पातेली पाणी उकळून दिलं, काका रिकामे डबे आणि गोणपाट घेऊन आले आणि “पुढे सरका, पुढे सरका” करत मुलांना जागा वाटून देऊ लागले. मुलं डबे उपडे घालून त्यांवर चढली. पहिला तासभर हसणं चाललं होतं. मग हसणं कमी झालं. मग तळहातांना फोड आले.

“मावशी, तुम्ही हे रोज करता?” एका मुलानं विचारलं.

“रोज डिंक नसतो,” मावशी म्हणाली.

चारला टँकरचं पाणी संपलं. तोवर खालचं सगळं निघालं होतं. राहिली होती शेवटच्या चौदा खिडक्यांची वरची पट्टी. चौदा कमानी, खाली काहीच नसलेल्या. सोमवारी मुलांची परीक्षकांसमोर तोंडी होती. भाची म्हणाली, “मी नाही जात. मी येते तुझ्याबरोबर.”

“जा मुकाट्यानं. तुझ्या आईला काय सांगू, भिंत धुवायला ठेवलीय म्हणून?”

सोमवारी सकाळी बाकीच्या दोघींना दुसऱ्या रस्त्यावर पाठवलं होतं. मुलांच्या वजनानं डबे रविवारीच चेपले होते. ठेंगणी गरम गोणपाट बुडवून वर द्यायची, मावशी ते दाबून धरायची आणि घासायची, डाव्या हातानं. डाव्या हाताला जोर नसतो, नुसती इच्छा असते. साडेदहापर्यंत नऊ कमानी गेल्या. मग डावाही थरथरायला लागला, म्हणून तिनं उजवा उचलला. तो कानापर्यंत आला, तिथे थांबला आणि ब्रश सुटला. तो पडला नेमका मुकादमाच्या बुटावर.

मुकादमानं बुटाकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. काही विचारलं नाही. चोवीस वर्षांत त्यानं तिच्यावर केलेली ही सगळ्यात मोठी मेहेरबानी.

“वरचं राहिलं,” तो म्हणाला.

“राहिलं.”

त्यानं बोट भिंतीवर फिरवलं, वास घेतला. “डिंक आहे हा. परवानगीत पाण्यानं जाणारा रंग लिहिलाय. पोरांनी डिंक घातला?”

मावशीनं वाकून ब्रश उचलला.

“हे बघ,” मुकादम आवाज खाली आणून म्हणाला, “साहेबांना कुणाचं तरी नाव लागतं. मी कॉलेजवर लिहितो. गटाची प्रमुख कोण असेल तिच्यावर ते बघतील. पुढच्या वर्षी परवानगी नाही, संपलं. तुझ्या नावावर काही येत नाही. खुर्ची तुझी. तू फक्त गप्प राहा. गप्प राहायला काय लागतं?”

खरंच काही लागत नव्हतं. ठेंगणी गोणपाट पिळत खाली बघत होती, पण तिचा कान इकडेच होता. प्रमुख कोण हे तिला ठाऊक होतं.

मावशीला वाटलं, आत्ता कुणी एक खुर्ची आणून ठेवली तर आपण काहीही कबूल करू. पण खुर्ची गोदामात होती.

“डिंक घालायला मी सांगितलं,” ती म्हणाली.

“तू?”

“मीच. कोमट पाण्यात विरघळवून, फडक्यानं गाळून. नाहीतर पोरांना कुठून जमणार होतं? माझ्या बापाची रीत आहे ती. दुसऱ्याच्या नावावर कशाला जाऊ द्यायची?”

“शिडे, वेडी आहेस का? शेरा येईल.”

“येऊ दे.”

साहेब अकराऐवजी पावणेबाराला आले, गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली झाली, मुकादमानं वाकून काही सांगितलं, काच वर गेली. राहिलेल्या पाच कमानी त्यांनी पाहिल्या की नाही कोण जाणे. शेरा मात्र आला. दुपारी कचेरीत तिनं त्याच्याखाली सही केली, डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरीसारखी. ठेंगणी दाराशी उभी होती.

“मी मागितली नव्हती गं,” ठेंगणी म्हणाली.

“माहितीय. उशी घेऊन जा. लाकडी आहे, टोचते.”

घरी आली तेव्हा सहा वाजले होते. भाची दारातच होती. तोंडी छान झाली होती. परीक्षकांना खिडक्यांचे फोटो फार आवडले होते, विशेषतः बादली. हे सांगता सांगता तिनं मावशीचा चेहरा पाहिला आणि थांबली.

“काय झालं?”

“शेरा आला. खुर्ची ठेंगणीला.”

“पण डिंक तर आम्ही… मी जाते उद्या. मी सांगते त्यांना.”

“काही जायचं नाही. सही झाली.”

भाची रडायला लागली. काकांनी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली. “मी काय म्हणतो,” ते म्हणाले, “वरती अर्ज केला तर—”

“अर्ज कसला करताय? खरं तेच लिहिलंय.”

मावशी मोरीत गेली. पाय धुतले. सकाळी भिजवलेला चादरींचा जोड बादलीत तसाच होता, पाणी करडं झालं होतं. तिनं त्याकडे पाहिलं, हात पुसले आणि बाहेर येऊन काकांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची भाचीची होती. भाची उभी राहिली.

“उद्यापासून घरातलं काम मी करणार नाही,” ती म्हणाली. “भिंतींची अजून अडीच वर्षं आहेत. खांदा गेलाय. अवघडलेला नाही, गेलाय. डॉक्टरनं वर्षापूर्वीच सांगितलं. जेवढा उरलाय तेवढा कचेरीचं काम करेल. दोन्हीकडचं होणार नाही.”

काकांनी पेपर बाजूला ठेवला.

“स्वयंपाक तुम्ही करा. धुणं, पाणी आणि भांडी हिची. त्या चादरी आजच काढ, वास येईल. आणि मला डबा साडेसहाला लागतो.”