गाव मी बुडवलं
सुक्या बांगड्यांचा वास आला की मी बुडवलेलं गाव आठवतं. काही वर्षांपूर्वी, नुकतीच निवृत्त झालेली मी शहाणी, सगळ्यांनी मिळून करायच्या ऑनलाइन नकाशात आमच्या तोंडवली गावाची किनाररेषा काढायला बसले. रेषेच्या डाव्या हाताला जमीन हवी, हा नियम न वाचताच, रोज फिरायला जाते तशी समुद्र डावीकडे ठेवून रेषा ओढली. संध्याकाळी नकाशात अख्खं गाव निळं. अंगणात बांगडे वाळवणारी जाऊ मोबाइल बघून म्हणाली, "गो बाये, माझे सुके बांगडे परत भिजवलंस." नकाशा तपासणाऱ्या कुणा परक्याने लिहिलं, "काकू, किनाऱ्याला हात लावू नका." मी उत्तर धाडलं, "गाव मी बुडवलं, वर मीच काढणार." आणि रेषेची दिशा उलटी करून काढलंही. वाळू दर पावसाळ्यात सरकते, मग नकाशातली रेषाही सरकवावी लागते. मी अजून हात लावतेच.