झांबियात पोचवलेला डबा

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या घरात जिने कधी स्वतःचं ताट उचललं नाही, ती आमची लेक निघाली झांबियाला सेवा करायला! सहा महिने, बिनपगारी, खेड्यातल्या दवाखान्यात इंटर्न. मी म्हटलं, एवढी हौस आहे तर आधी डिशवॉशर रिकामा कर. तिचा बाबा मात्र महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणात छाती फुगवून सांगत फिरला. मी पैजेवर सांगितलं, आठवड्यात परत येते की नाही बघा.

तिथल्या नर्सबाईंच्या हाताखाली काम आणि राहायलाही त्यांच्याच घरी. तिसऱ्या दिवशी फोन लागला. हापशावरून पाणी आणायला शिकले म्हणाली. दोन्ही वेळेला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजी, असं जेवण. आवडतं का विचारलं तर म्हणे, "इट्स फाइन, आई." ही अंगात ताप असला तरी फाइनच म्हणते. झालं, पोरगी उपाशी आहे असं मी ठरवूनच टाकलं.

मग मी तेच केलं जे आपले लोक कुठेही गेले तरी करतात. मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, झांबियात आपलं कोणी आहे का. तासाभरात कोणाच्या तरी मावसबहिणीचे दीर-जाऊ राजधानीत सापडले. बिचारे सज्जन. रविवारी चार तास ड्राइव्ह करून, पोळ्या, बटाट्याची भाजी, लोणचं आणि गुळपोळ्या घेऊन नर्सबाईंच्या दारात हजर! इकडे मी ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकत बसले होते. काय मेली ती ऐट!

त्या रविवारी नर्सबाईंनी लेकीच्या मानाची म्हणून घरची कोंबडी कापली होती. शेजारपाजारच्यांना जेवायला बोलावलं होतं. त्या सगळ्यांसमोर राजधानीहून आलेल्या काकूंनी डबा उघडला आणि इंग्लिशमध्ये म्हणाल्या, पोरगी आल्यापासून उपाशी आहे हो, तिची आई तिकडे रडतेय. काकूंना काय बोल लावायचा? ते वाक्य मीच पढवलं होतं.

लेकीने डब्याला हात न लावता कोंबडीच खाल्ली, पण उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी तिला पाठवणाऱ्या संस्थेला कळवलं की या मुलीची सोय दुसरीकडे करा. दुसरीकडे म्हणजे कुठे? गावात दुसरं घर नाही, म्हणजे परतीचं तिकीट. मला हवं तेच झालं होतं, आणि मी ते ग्रुपवर टाकलंच नाही. लाज वाटत होती, दुसरं काय!

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. मी म्हटलं, बाईंना फोन दे, मी माफी मागते.

"नको," ती म्हणाली. एरवी इंग्लिशमध्ये भांडणारी ही, त्या दिवशी चक्क मराठीत बोलली. "मी सांगितलंय त्यांना, माझ्या आईचं डोकं ठिकाणावर नसतं. त्यांना फार वाईट वाटलं. राहा म्हणाल्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि आई, रोज जेवणाआधी त्या तुझ्यासाठी प्रार्थना करतात. मीपण करते."