रजेचा नियम

मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. भोरला फायनलची परीक्षा पास झालो आणि वेल्ह्याच्या पलीकडे, पासलीच्या बाजूच्या एका खेड्यात संस्थानच्या शाळेवर रुजू झालो. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाचा सभामंडप. मास्तर एकच, तो मी. मुलं सतरा-अठरा, त्यांत मुली दोन.

पहिल्या पावसाळ्यात भाताची लावणी सुरू झाली आणि शाळा ओस पडली. कुणी सांगून गेलं नाही. नेमके त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. मंडपात मी आणि मारुती, तिसरं कुणी नाही. साहेबांनी शेरा मारला, ‘शाळेस शिस्त नाही.’ तो शेरा मला वर्षभर झोंबत राहिला.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी नियम केला. विचारल्याशिवाय गैरहजर राहायचं नाही. रजा हवी असेल तर स्वतः यायचं, नीट उभं राहायचं, कारण सांगायचं, आणि मी ‘दिली’ म्हटल्यावरच जायचं. चांगला नागरिक कोण, तर जो विचारल्याशिवाय आपली जागा सोडत नाही, अशी व्याख्याही मी स्वतःच तयार केली आणि रोज पाठ म्हणून घेतली. मुलांना तो खेळच वाटला. म्हशी राखणारी पोरं म्हशीपुढे हात जोडून रजा मागताना लोकांनी पाहिली. गावकरी हसले, मी मात्र खूश होतो.

लावणी आली. थोरली मुलं नियम विसरली आणि सरळ खाचरात गेली. एक तेवढी विसरली नाही. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरली, आठ वर्षांची मुलगी. पोरीला शाळेत घालतो म्हणून तिच्या बापाला भावकीने नावं ठेवली होती, तरी त्याने घातली होती. ती रोज सकाळी पानांचं इरलं पांघरून चिखल तुडवत यायची, इरलं खांबाला टेकवून उभी राहायची आणि म्हणायची, “गुरुजी, मला आजची रजा हवी. घरी लावणी हाय.” मी “दिली” म्हणायचो, की ती आल्या वाटेने परत. असे चार दिवस झाले. मी हजेरीपटात तिच्या नावापुढे ठळक शाईने ‘रजा’ लिहायचो आणि उरलेल्या पाच-सहा मुलांना सांगायचो, बघा, शिस्त अशी असते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. शिकलेला माणूस किती आंधळा असू शकतो, हे मी तेव्हा स्वतःवरून शिकायला हवं होतं.

पाचव्या दिवशी ती रजा घेऊन गेली आणि पाऊस वाढला. दुपारी तिचा बाप आला, वरच्या अंगाच्या लाकडी साकवावरून लांबचा फेरा घालून.

“मास्तर, पोरगी कुठं हाय?”

“ती सकाळीच गेली. रजा घेऊन गेली.”

“घरला न्हाई पोचली.”

मुलांना घरी पाठवलं आणि आम्ही दोघं ओढ्याकडे निघालो. पाणी गढूळ, दोन्ही थड्या भरून चाललं होतं. बाप एकेका झुडपापाशी वाकून बघत पुढे जात होता. मला त्याच्या पाठीकडेही बघवेना.

ती अलीकडच्या काठावर, उंचवट्यावरच्या करंजाखाली सापडली. इरल्याखाली मुटकुळं करून पाणी उतरायची वाट बघत बसली होती. बापाने तिचं परकर-पोलकं चाचपलं. वरून इरलं होतं, तरी ते छातीपर्यंत भिजलेलं होतं.

“आत गेलतीस?”

तिने मान हलवली. “पाय सुटाया लागलं, म्हून मागं फिरले.”

“अगं, मग शाळेत का नाही परत आलीस?” मी विचारलं.

“रजा घेतल्याव पुन्हा शाळेत यायाचं न्हाई, असं तुमीच सांगितलंय की, गुरुजी.”

सांगितलं होतंच. रजा घेऊन पोरं देवळाच्या आवारात विटीदांडू खेळायची, म्हणून सांगितलं होतं.

बापाने पोरीला खांद्यावर घेतलं. माझ्यावर तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, “न येन्यासाठी यायाचं, ह्यो कसला नेम, मास्तर? तिकडं काम न्हाई, हितं शिकनं न्हाई. अर्धा दीस निस्ता चालन्यात. उद्यापास्नं न्हाई धाडायची तिला.” आणि दोघं साकवाच्या वाटेला लागली.

दोन दिवस मी हजेरीपट उघडला नाही. पोरगी वाचली याचा आनंद होता, पण माझ्यामुळे तिची शाळा सुटली हे गिळवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी साकवावरून त्यांच्या खाचरावर गेलो. घरातली सगळी माणसं ओणवी होऊन रोपं लावत होती. बांधावर उभा राहून मी म्हणालो, “माझं चुकलं.” मास्तराने असं म्हणायची तेव्हा रीत नव्हती. कुणी वर पाहिलं नाही. रोपं रोवतच बाप म्हणाला, “आलाच हायसा तर हात लावा.” आणि त्याने रोपांची एक मूठ माझ्याकडे फेकली.

मी धोतर खोचून चिखलात उतरलो. ओळभर रोपं लावली आणि कंबर धरून उभा राहिलो. मागे वळून पाहतो तर ती मुलगी माझ्या मागोमाग येत होती, मी लावलेलं एकेक रोप उपटून नीट लावत.

“असं न्हाई, गुरुजी,” ती म्हणाली. “बोटं खाली रुतवायची. न्हाईतर तरंगत्यात.” तिने माझा हात धरून चिखलात दाबून दाखवला.

बाप आमच्याकडे बघत होता. “लावनी उरकली की येईल ती,” तो म्हणाला. “पर रजा मागाया न्हाई यायाची.”

“नाही,” मी म्हणालो आणि पुढचं रोप तिला दाखवून लावलं.