निळ्या पेट्रोलचा डबा

ती घटना आठवली की आजही आधी पेट्रोलचा वास येतो, आणि मग नदीकाठच्या कारध्याच्या एका मासेमाराचा चेहरा.

मी तेव्हा ठाणेदार होतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या प्रशिक्षण केंद्राचं छोटं विमान इंजिन बंद पडल्यामुळे कारध्याजवळ धान कापलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, उतरलं. पुढचं चाक मोडलं. शिकाऊ वैमानिक आणि त्याचा प्रशिक्षक थोडक्यात वाचले.

दुसऱ्या दिवशी खबर आली. एका मासेमाराच्या घरी निळं पेट्रोल आहे. असं पेट्रोल आपल्या पंपावर मिळत नाही, ते विमानाचंच. शिवाय हा माणूस त्याच केंद्राच्या धावपट्टीवर गवत कापायला जायचा आणि नुकताच परतला होता. झडतीत डबा मिळाला. मी मनात आरोपपत्र लिहूनही टाकलं. याने टाकीत हात घातला, म्हणून इंजिन बंद पडलं. हा आरोप टिकला असता, तर तो कित्येक वर्षं आत गेला असता. त्याची बायको ठाण्याच्या ओट्यावर बसून होती.

“केव्हा काढलंस?” मी मासेमाराला विचारलं.

“इमान पडल्यावर जी. पंखाखाली टपकून राहिलं होतं, डबा धरलो.”

“चोरी ती चोरीच.”

“वाया जाऊन राहिलं होतं ना, सायेब! अन् कामाचं बी नाही निंगालं. डोंग्याची मशीन त्याच्यावर चाललीच नाही.”

“याले वायुदलात घ्या, सायेब,” हवालदार म्हणाला. सगळे हसले. मी त्या मासेमाराच्या थोबाडीत मारली.

विमान अपघाताचा तपास करणारे अधिकारी आले. त्यांनी डब्यातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं आणि ती टेबलावर ठेवून दिली. चहा होईपर्यंत वर निळं, खाली बिनरंगी असे दोन थर झाले. खाली पाणी होतं.

“डबाच ओला असेल,” मी म्हणालो.

ते बांधीत गेले आणि दुसऱ्या पंखातल्या टाकीचा तळ उघडला. तिथंही पाणी निघालं. टाक्यांच्या झाकणांचं रबर कडक होऊन तडकलं होतं. केंद्रावर असताना विमान अवकाळी पावसात उघड्यावर उभं होतं. हवेत वळण घेताना पाणी सरकून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी आलं असणार.

उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काचनळीत काढून बघतात. पाणी असेल तर दोन थरांमध्ये रेघ दिसते.

“मी पाहिलं होतं, सर,” शिकाऊ वैमानिक म्हणाला. “रेघ नव्हती.”

“रंग निळा होता?” अधिकाऱ्याने विचारलं.

रंग त्याने पाहिलाच नव्हता. नळीत सगळं पाणीच होतं, मग रेघ कुठून दिसणार? रंग पाहावा, वास घ्यावा, निळं येईपर्यंत काढत राहावं, झाकणाचं रबर वेळेत बदलावं. एवढं केलं असतं तर ते विमान पडलं नसतं.

मी मासेमाराला सोडलं. पायरी उतरताना तो वळला.

“पयलेच सांगतलो होतो जी, मशीन नाही चालली म्हणून. तुम्ही आयकलेच नाही.”

खरंच होतं ते; डोंग्याचं इंजिनही त्याच पाण्याने अडलं होतं. साऱ्या प्रकरणाचा उलगडा त्याच्या पहिल्याच जबाबात होता, आणि त्याचं उत्तर मी थपडेने दिलं होतं. सगळं एकाच रंगाचं दिसायला लागलं की थांबायचं, हे त्या शिकाऊ पोराइतकंच मलाही कळलं नव्हतं. पुढच्या नोकरीत आरोपीचं निरुपयोगी वाटणारं वाक्यही मी पुन्हा वदवून घेत असे.

त्याची माफी मात्र मागितली नाही. कारध्याच्या पुलावरून जाताना खाली नदीत मासेमाराचा डोंगा दिसला, की अजूनही मी गाडीची काच वर करतो.